मसाई माराला पहिल्यांदा जाताना

ताडोबाच्या गेटवर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जिप्सीला एकच प्रश्न विचारला जातो : ‘दिसला का?’ काय दिसला, हे सांगावं लागत नाही. माझं जंगल बघणं या प्रश्नावर वाढलं आणि हीच सवय घेऊन मी पहिल्यांदा केनियाला गेलो. सात दिवसांत चार अभयारण्यं केली. सिंह, बिबट्या, हत्ती, आफ्रिकन रानम्हैस आणि गेंडा अशी ‘बिग फाइव्ह’ची यादी पाचव्या दिवशी पूर्ण झाली. आज त्या सहलीतलं काय आठवतं म्हणाल, तर बहुतेक रस्ता आणि समोरच्या सीटची मागची बाजू.

दुसऱ्या खेपेला आठ रात्री होत्या आणि खरी ठिकाणं दोनच. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या शहाणपणातून लिहितो आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण निदान एकदा ऐकून घ्या.

महिना आधी, बाकी सगळं नंतर

केनियाच्या मधून विषुववृत्त जातं. त्यामुळे तिथे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नाही. पावसाचे महिने आणि कोरडे महिने एवढाच हिशेब. मोठा पाऊस मार्च ते मे, त्यातही एप्रिल सगळ्यात ओला. छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे आपल्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी नेमकी मोठ्या पावसात सापडते. मसाई मारा (थोडक्यात मारा) या अभयारण्यातली जमीन बऱ्याच भागात काळीभोर. तिथले लोकही तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’च म्हणतात. पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतरस्त्याने गाडी घातलेल्यांना पुढचं सांगायला नको. फोर बाय फोर असली तरी ती रुतते, आणि मग दुसरी गाडी येऊन दोर लावेपर्यंत चहा-बिस्किटं.

यावर मला सापडलेली फट म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. मोठा पाऊस ओसरलेला असतो, आपल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात (विदर्भात तर आणखी थोड्या उशिराच उघडतात), आणि मुख्य म्हणजे मसाई माराची प्रवेश फी तेव्हा निम्मी असते. 2024 पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असा दर आहे. नवरा-बायको तीन दिवस राहिले तर जूनमध्ये 600 डॉलर, जुलैत 1200. फरक एवढाच, की जूनमध्ये गवत उंच असतं आणि ते प्रसिद्ध स्थलांतर अजून तिथे पोचलेलं नसतं.

स्थलांतराविषयी थोडं सविस्तर, कारण निम्मे लोक त्याच्यासाठीच जातात. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं), सोबत लाखो झेब्रे आणि गॅझेल हरणं, पावसामागे आणि गवतामागे वर्षभर गोल फिरत असतात. या वर्तुळाचा मोठा भाग टांझानियाच्या सेरेंगेटीत आहे. जानेवारी ते मार्च ते दक्षिणेला एन्दुतूच्या मैदानात असतात, तिथेच त्यांची पिल्लं जन्मतात. जुलै ते ऑक्टोबर यांतले बरेच कळप उत्तरेला केनियाच्या मारात असतात. मारा नदी ओलांडताना मगरींनी धरलेले विल्डबीस्ट आपण टीव्हीवर बघतो, ते याच काळातलं.

टीव्हीवर थांबणं मात्र दाखवत नाहीत. आम्ही नदीकाठी साडेतीन तास होतो. पलीकडे हजारो विल्डबीस्ट, एकमेकांना ढकलत, डुरकत. पुढचा एक पाण्यापर्यंत आला, हुंगलं, वळला, आणि त्याच्यामागे सगळा कळप धूळ उडवत टेकडीपलीकडे नाहीसा झाला. आमचा गाइड म्हणाला, उद्या. उद्याही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही डबा उघडलेला असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता त्यांनी उड्या घातल्या. तेव्हा ‘नदी ओलांडताना नक्की दाखवू’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांकडेही जरा संशयानेच बघा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ती ऑक्टोबरच्या मध्यावर आली पाहिजे. नोव्हेंबरात बहुतेक कळप दक्षिणेकडे निघालेले असतात.

दोन ठिकाणं पुरतात

नकाशावर सगळं जवळ दिसतं, आणि सहल-कंपनीच्या छापील कार्यक्रमात तर फारच जवळ. प्रत्यक्षात नैरोबीहून मारा पाच-सहा तास, नैरोबीहून अंबोसेली राष्ट्रीय उद्यान चार तास, नाकुरू सरोवराहून मारा पुन्हा पाच-सहा तास. मारातल्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर पाठीची जी अवस्था होते तिला तिथले ड्रायव्हर हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. पहिल्या दिवशी आपणही हसतो.

माझी मांडणी अशी : पहिली रात्र नैरोबीत, दोन रात्री अंबोसेली, एक रात्र नैवाशा सरोवराकाठी, चार रात्री मारा. नैवाशा मुद्दाम मध्ये घातलं आहे, कारण अंबोसेलीहून एका दमात मारा गाठायचा म्हटलं तर सगळा दिवस जातो. शिवाय तिथे होडीतून पाणघोडे बघायला मिळतात आणि पाठीला आराम.

अंबोसेली लहान आहे, 392 चौरस किलोमीटर. तिथे जायचं ते हत्तींसाठी. 1972 पासून तिथल्या हत्तींच्या कुटुंबांचा सलग अभ्यास चालू आहे. कोण कुणाची आजी, कोण कुणाची मावशी हे नोंदलेलं आहे. त्यामुळे बहुधा हे हत्ती गाड्यांना इतके सरावलेले आहेत की बाजूने जाताना आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाठीमागे किलिमांजारो. डोंगर टांझानियात, देखावा केनियातून. 5,895 मीटरचं ते शिखर दिवसभर ढगांत असतं. दिसलं तर सूर्योदयाच्या आसपास किंवा संध्याकाळी. सकाळची झोप प्रिय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

नाकुरू सरोवर मी वगळलं म्हणून काहीजण नाराज होतील. जुन्या फोटोंत काठ गुलाबी दिसतो तो फ्लेमिंगोंमुळे, पण गेल्या दशकात पाण्याची पातळी खूप वाढली आणि फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दुसऱ्या सरोवरांकडे, विशेषतः बोगोरियाकडे गेले. नाकुरूला आता जायचं ते गेंड्यांसाठी. काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत आणि सहज दिसतात. गेंडा बघायचाच असेल तर नैवाशाऐवजी तिथे थांबा. मात्र दोन्ही नको.

आणि ‘एवढं गेलोच आहोत तर सेरेंगेटीही करून येऊ’ हा मोह. जंगल एकच असलं तरी मारातून सेरेंगेटीत पर्यटकांना थेट जाता येत नाही. लांबचा वळसा घालून अधिकृत सीमेवरून जावं लागतं, आणि टांझानियाचा व्हिसा वेगळा. सेरेंगेटीला एक स्वतंत्र सहल द्या.

पैसे कुठे घालायचे

लॉजवर कमी, गाडी आणि गाइडवर जास्त. पोहण्याचा तलाव असलेल्या तंबूत तुम्ही दुपारचे तीन तास असता, गाडीत आठ-नऊ. म्हणून बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्यायच्या गोष्टी गाडीच्याच आहेत. छत वर उचललं जाणारी लँड क्रूझर आहे की व्हॅन? प्रत्येकाला खिडकी मिळणार का? गाडी फक्त आपली, की अनोळखी लोकांसोबत? किलोमीटरवर मर्यादा आहे का? पहिल्या खेपेला आम्ही सातजण एका व्हॅनमध्ये होतो. प्रत्येक प्राण्याच्या वेळी सात डोकी एका चौकोनी भोकातून वर, आणि फोटोत कुणाची तरी टोपी.

गाइडची परीक्षा घेणारी संस्था केनियात आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. सिल्व्हर गाइड मागा. थोडे पैसे जास्त जातील, पण पक्ष्यांचीही नावं सांगणारा, गप्प बसता येणारा माणूस मिळेल. दुसरा गुण जास्त दुर्मीळ आहे.

माराच्या अभयारण्याला लागून मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. तिथे ‘कॉन्झर्व्हन्सी’ आहेत : मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशा. जमीनमालकांना महिन्याचं भाडं मिळतं, त्या बदल्यात जमीन प्राण्यांसाठी मोकळी ठेवतात. गाड्या मोजक्या, रात्रीची सफारी आणि पायी फिरणंही शक्य. हे दोन्ही मुख्य अभयारण्यात चालत नाही. महाग आहे. चारपैकी दोन रात्री तिथे घालता आल्या तर घाला.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान सुमारे सहा तासांचं. मध्यम दर्जाच्या लॉजमध्ये एवढ्या दिवसांची सहल, विमानासकट, माणशी दोन लाखांच्या पुढेच जाते. किती पुढे, हे महिन्यावर आणि गाडी किती जणांत वाटली यावर. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मिळवून घेता येतो, तेव्हा पावती जपा.

कागद आणि सुई

केनियाने 2024 च्या जानेवारीपासून व्हिसा काढून टाकून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना, सुरू केला. घरबसल्या अर्ज, पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत, विमानाची आणि राहण्याची बुकिंगं जोडायची. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट केई’ असतं. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. आमच्या एका नातेवाइकांनी तिथे जवळपास दुप्पट पैसे भरले आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पिवळ्या तापाची लस ही गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. केनियात जाताना नव्हे, परत येताना भारत सरकार ती मागतं. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, घराजवळच्या डॉक्टरांकडे नाही. वेळ आधी घ्यावी लागते आणि सुट्टीच्या हंगामात ती लवकर मिळत नाही. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली असावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. त्या प्रवासाच्या आधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात, आणि मधेच सोडणारे आपल्याकडे फार.

बॅग

सगळ्यात आधी प्लॅस्टिक. केनियाने 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे, आणि ती नुसती कागदावर नाही. 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. आता मराठी घरातली प्रवासाची तयारी डोळ्यांसमोर आणा : चिवडा एका पिशवीत, लाडू दुसऱ्या पिशवीत, ओल्या कपड्यांसाठी तिसरी, आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घडी करून ठेवलेल्या आणखी दहा. हे सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत हलवा. पाण्याची स्टीलची बाटली प्रत्येकी एक.

कपडे खाकी, मातकट, फिके हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे येतात. लष्करी नक्षीचे कपडे केनियात सामान्य माणसाने घालायचे नसतात. आपल्याकडे ट्रेकिंगच्या दुकानातून घेतलेली ती पँट घरीच ठेवा. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ समजून लोक स्वेटर नेत नाहीत. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. जून-जुलैत पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजतात. स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याचं जॅकेट लागतंच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटनसारखा. ड्रोन नेऊ नका.

कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण महत्त्वाची, आणि ती प्रत्येकाला वेगळी हवी. एकच दुर्बीण चौघांत फिरवताना बिबट्या झाडावरून उतरून गेलेला असतो. 8×42 मापाची घ्या. कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी, त्याऐवजी रिकामी कापडी थैली न्या आणि तिथे तांदूळ भरून छताच्या कडेवर ठेवा. छोट्या विमानाने मारात उतरणार असाल तर सामान 15 किलोच्या आत, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस चालत नाही. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या असाव्यात. जुन्या छपाईच्या नोटा नाकारतात.

गाडीत बसल्यावर

साडेपाचला तंबूबाहेर कुणीतरी चहा ठेवून हाक मारतं. दूध घालून उकळलेल्या त्या चहाला तिथेही ‘चाय’च म्हणतात. हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापाराने स्वाहिलीत आपल्या ओळखीचे बरेच शब्द सांडून ठेवले आहेत : दुकान म्हणजे ‘दुका’, गाडी ‘गारी’, पोळी ‘चपाती’, लाख म्हणजे ‘लाकी’, आणि जेवणात कांदा-टोमॅटोची ‘कचुंबरी’. ‘सफारी’ हा शब्दही अरबी ‘सफर’मधून आलेला, त्याचा मूळ अर्थ नुसता प्रवास. शाकाहारी जेवणाची चिंता फारशी नको, पण जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा.

सहाला गेट उघडतं. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं असतं, तेव्हा शेवटच्या दिवशी किती वाजता बाहेर पडायचं ते गाइडला आदल्या रात्रीच विचारा, नाहीतर आणखी एका दिवसाची फी लागू शकते.

आता बघायचं कसं. ताडोबात कान वापरतो : चितळाचा कॉल, वानराचा खोकला. मारात मैदान मोकळं, तिथे इतर प्राण्यांची मान वापरा. चार जिराफ एकाच दिशेला टक लावून बघत असतील तर तिकडे सिंह असण्याची शक्यता बरीच. ‘टोपी’ नावाची हरणं वारुळावर चढून पहारा देतात. त्यांची नजर कुठे आहे ते बघा. गिधाडं आकाशात गोल फिरत असतील तर थांबा, पण एकामागून एक खाली सुटायला लागली की गाडी काढा.

रेडिओवर मात्र फार विसंबू नका. कुणी ‘सिंबा’ म्हणजे सिंह किंवा ‘चुई’ म्हणजे बिबट्या असं बोललं की दहा गाड्या धावतात. नियम असा की एका प्राण्यापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, आणि बाकीचे थांबलेले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. हंगामात तो रोज मोडला जातो. मोडणाऱ्यांत आपली गाडी नसावी, हे गाइडला पहिल्याच दिवशी सांगून टाका; अनेकदा ते बिचारे पर्यटक नाराज होतील, टीप बुडेल या भीतीने घुसतात. रस्ता सोडून गवतात गाडी घालायलाही लावू नका.

दुसऱ्या खेपेची एक सकाळ सांगतो. वारुळावर एक चित्ता मादी बसली होती. (डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या अश्रूंच्या रेषा असतील तर चित्ता, अंगावर पोकळ ठिपक्यांची फुलं असतील तर बिबट्या. मराठीत आपण या दोघांची नावं इतकी वर्षं सरमिसळ केली आहेत की हे सांगावं लागतं.) पाच-सहा गाड्या आल्या, फोटो काढले, गेल्या. आम्ही इंजिन बंद करून थांबलो. पाऊण तास तिने काहीही केलं नाही. मग कळलं की वारुळामागच्या गवतात तीन पिल्लं आहेत. तिने एक बारीक, पक्ष्यासारखा आवाज काढला आणि तिघं बाहेर आली. पुढचा दीड तास ती एका थॉमसन गॅझेलमागे लागली, चुकली, धापा टाकत परतली. पिल्लांनी तिच्या शेपटीशी कुस्ती केली. यादीत लिहायचं तर ‘चित्ता, एक’. पहिल्या खेपेलाही मी ‘चित्ता, एक’ असंच लिहिलं होतं, चार मिनिटांत.

गाडीतून उतरायचं नाही, उभं राहून ओरडायचं नाही, खाऊ घालायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. लघवीचं कुणी आधी विचारत नाही, म्हणून सांगतो. गाइडला मोकळेपणाने सांगा, तो उघड्यावरची सुरक्षित जागा बघून गाडीच्या आडोशाला थांबवतो. पाणी कमी पिऊन दिवस काढणं, विशेषतः बायका आणि ज्येष्ठ हे करतात, त्याने डोकेदुखीच येते.

दुपारी झोपा. सिंह दिवसातले वीस तास झोपतो, त्याच्याकडून एवढं तरी शिकावं. रात्री तंबूतून एकट्याने बाहेर पडू नका. बहुतेक कॅम्पांना कुंपण नसतं, आणि टॉर्च दाखवली की पहाऱ्यावरचा ‘अस्कारी’ येऊन सोबत करतो. मध्यरात्री तंबूशेजारी कुणीतरी जाडजूड माणूस हसल्यासारखा आवाज आला तर तो पाणघोडा.

बलूनची सफर चार-पाचशे डॉलरची. मी केली नाही, त्या पैशात कॉन्झर्व्हन्सीतली एक रात्र वाढवली. मसाई वस्तीला भेट देताना पैसे किती आणि ते कुणाला जातात हे आधी स्पष्ट करून घ्या. माणसांचे फोटो विचारून.

परतताना

गाइडची टीप गाडीमागे दिवसाला 15 ते 20 डॉलर धरा, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून त्याच्या हातात द्या. कॅम्पच्या माणसांसाठी पेटी असते. हाडं, शिंगं, पिसं, शंख यातलं काहीही बॅगेत येऊ देऊ नका, रस्त्यात सापडलेलं पीससुद्धा. घरातल्या लहान पोराच्या खिशाची झडती विमानतळाआधी घ्या.

आणि ते पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत उतरलं की इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाच्या टेबलावर ते मागतात, आणि बॅग तेव्हा पट्ट्यावर यायची असते.